खेड्यातील दाढ

मराठी भाषेने दातांचे जितके लाड केले आहेत, तितके शरीराच्या दुसऱ्या एखाद्या अवयवाचे क्वचितच केले असतील. रागावलेला मनुष्य दातओठ खातो, वैरी दात धरून बसतो, हरलेला योद्धा दाती तृण धरतो, विनवणी करणारा दातांच्या कण्या करतो. आणि दैवाची विपरीत गती सांगावयाची झाली म्हणजे दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, असे आपण सहज म्हणून जातो. भाषेत एवढा मान मिळविलेला हा अवयव व्यवहारात मात्र फार उपेक्षित राहिला आहे. घरात कोणास ताप भरला तर धावपळ होते. दाढ ठणकू लागली तर लवंग धरून निजून राहण्याचा सल्ला मिळतो आणि प्रकरण तेवढ्यावर संपते.

ही उपेक्षाही सर्वत्र सारखी नाही. शहरातील मुलाचा दात किडला तर तो बहुधा भरला जातो. खेड्यातील मुलाचा दात किडला तर तो बहुधा उपटला जातो. रोग एकच, दातही एकाच घडणीचा. मग एकाचा वाचतो आणि दुसऱ्याचा जातो, हे कसे? याचे उत्तर केवळ वैद्यकशास्त्रात सापडत नाही. ते रस्त्यांत, एस. टी.च्या वेळापत्रकात, रोजंदारीच्या हिशेबात आणि सरकारी आरोग्यव्यवस्थेच्या रचनेत शोधावे लागते. या लेखात तोच शोध घेण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. दातास कीड लागली असे आपण म्हणतो. परंतु दातात किडा असा नसतोच. कित्येक खेड्यांतून भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेऊन दातातील किडे पाडण्याचा उपाय सांगितला जातो. धुरीनंतर पाण्यात बारीक पांढरे कण दिसतात खरे. पण ते बियांचेच अंश असतात, दातातून निघालेले जीव नव्हेत. दात किडण्याचे खरे कारण डब्ल्यू. डी. मिलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने बर्लिन येथे प्रयोग करून १८९० साली ग्रंथरूपाने मांडले. आपल्या तोंडात असंख्य सूक्ष्म जंतू वास करीत असतात. दातांवर चिकटून राहिलेली साखर व पिष्ट हे त्यांचे अन्न होय. ते अन्न खाऊन हे जंतू आम्ल निर्माण करतात, आणि त्या आम्लाने दाताच्या वरच्या कठीण कवचातील, म्हणजे इनॅमलमधील, क्षार विरघळू लागतात. आपली लाळ हे आम्ल हळूहळू निववते आणि झिजलेले क्षार काही अंशी पुन्हा भरून काढते. परंतु तिला त्यासाठी अवसर मिळावा लागतो. जो मुलगा दिवसभर थोड्या थोड्या वेळाने गोळी चघळतो किंवा बिस्कीट खातो, त्याच्या लाळेला तो अवसर मिळत नाही. म्हणून किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, याला अधिक महत्त्व आहे.

दंतक्षय हा एका दिवसात होणारा रोग नव्हे. तो पायऱ्या उतरत जाणारा रोग आहे. पहिल्या पायरीवर दातावर खडूसारखा पांढरा, निस्तेज ठिपका दिसतो. या अवस्थेत गोड खाणे आवरले, दात नीट घासले आणि फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरली तर झीज थांबते. दुसऱ्या पायरीवर कवचाला भोक पडून रोग आतील मऊ भागात शिरतो. येथे किडलेला भाग काढून पोकळीत सिमेंट भरले की दात वाचतो, आणि हे काम एका बैठकीत होते. तिसऱ्या पायरीवर रोग दाताच्या मध्यातील, रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेल्या गाभ्यापर्यंत पोचतो. रात्री झोप उडविणारा ठणका लागतो तो येथे. आता केवळ सिमेंट भरून भागत नाही. गाभा स्वच्छ करून मुळांच्या नळ्या बंद कराव्या लागतात. 'रूट कॅनल' म्हणतात तो उपचार हाच. त्याला बहुधा एकाहून अधिक फेऱ्या आणि पुष्कळ पैसे लागतात. चौथ्या पायरीवर मुळाशी पू धरतो, गाल सुजतो. आणि मग दात काढून टाकणे एवढाच मार्ग पुष्कळांपुढे उरतो.

याचा अर्थ असा की, दंतरोगात काळ हाच सर्वांत मोठा शत्रू आहे, आणि खेड्यात अंतर हेच काळाचे रूप घेते. दवाखाना हाकेच्या अंतरावर असेल तर मनुष्य दुसऱ्या पायरीवर तेथे जातो. दवाखाना दोन बसगाड्यांच्या पलीकडे असेल तर तो चौथ्या पायरीवर जातो. शहरात भरला जाणारा दात आणि खेड्यात उपटला जाणारा दात यांतील भेद मुख्यतः या दोन पायऱ्यांचा आहे.

या संदर्भात पालकांनी व विद्यार्थ्यांनी एक गोष्ट अवश्य समजून घेतली पाहिजे. दुधाचे दात वीस असतात आणि कायमचे बत्तीस. कायमच्या दातांपैकी पहिली दाढ साधारणतः सहाव्या वर्षी उगवते. ती दुधाच्या दातांच्या मागे, मोकळ्या जागी येते. तिच्यासाठी एकही दुधाचा दात पडत नाही. त्यामुळे ही दाढ दुधाचीच आहे, किडली तरी पुढे नवी येईल, असा समज घरोघरी आढळतो. वास्तविक ती गेली की गेली. तिच्या जागी दुसरी येत नाही. शिवाय चर्वणाचा मोठा भार तिच्यावर असतो. आमच्या वर्गांतून बारा-तेरा वर्षांची अशी मुले आम्ही पाहतो की, ज्यांची ही दाढ केव्हाच गेलेली असते आणि जी एकाच बाजूने घास चावतात. हजेरीपटावर गैरहजेरीच्या कारणांत 'दात दुखत होता' हे कारण वर्षातून कितीदा येते, हे कोणत्याही वर्गशिक्षकास विचारावे.

पूर्वी खेड्यातील दात शहरातील दातांपेक्षा मजबूत असत, असे वडीलधारी मंडळी सांगतात, आणि त्यात काही तथ्य आहे. नाचणीची भाकरी आणि चावून खावयाचे अन्न हा नित्याचा आहार होता. साखर सणासुदीची वस्तू होती. आमच्या कोंकणी घरांतील जुनी माणसे आंब्याच्या पानाने दात घाशीत. देशावर बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी असे. आज पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा आणि रंगीत गोळ्यांची माळ डोंगरातील शेवटच्या वाडीतल्या दुकानात टांगलेली दिसते. शहरातील खाणे खेड्यात जाऊन पोचले. शहरातील दंतवैद्य मात्र पोचला नाही. रोगाने रस्ता ओलांडला आणि उपाय अलीकडेच राहिला, हीच या विषमतेची पहिली खूण होय.

त्यात तंबाखूची भर पडली आहे. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची पूड, म्हणजेच मशेरी, दातांना लावण्याची चाल आपल्या भागात, विशेषतः स्त्रियांत, फार जुनी आहे. मशेरीने दुखरी दाढ घटकाभर बधिर वाटते. म्हणून ती औषध समजून लावली जाते आणि पुढे तिचे व्यसन जडते. २०१६-१७ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत भारतातील प्रौढांपैकी २१.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू वापरतात, असे आढळून आले. भारतीय पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत तोंडाच्या कर्करोगाचा क्रमांक पहिला लागतो. या रोगाच्या आधी तोंडात बहुधा पांढरा किंवा लाल चट्टा उमटतो, अथवा तोंड उघडण्यास त्रास होऊ लागतो. नियमाने तोंड तपासणाऱ्या दंतवैद्याच्या दृष्टीस हे चिन्ह प्रथम पडावयाचे असते. ज्या गावाला दंतवैद्यच नाही, तेथे ते कोणी पाहावे? म्हणजे गावाजवळ दंतवैद्य नसल्याने केवळ दात जातात असे नव्हे. प्रसंगी माणूसही जातो.

आता आपल्या परिसराकडे वळू. बेळगाव शहरात एक सोडून दोन दंतमहाविद्यालये आहेत. तेथे शिकाऊ विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली माफक दरात उपचार करतात. खासगी दवाखाने तर गल्लोगल्ली आहेत. परंतु याच जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग पाहावा. मलप्रभा नदी जेथे उगम पावते ती कणकुंबी, तिच्या आसपासची जंगलपट्टी, जांबोटीच्या पुढील वाड्या, या प्रदेशात पावसाळ्याचे चार महिने नाले भरून वाहतात आणि काही वाड्यांची वाट बंद होते. अशा एखाद्या वाडीतील शेतमजूर स्त्रीची दाढ किडली, असे समजा. तिला प्रथम मुख्य रस्त्यापर्यंत चालत यावे लागते, मग तालुक्याची गाडी, मग शहराची गाडी. त्या दिवसाची मजुरी बुडते. एकटीने शहरात जाणे अवघड म्हणून सोबत कोणी यावे लागते, त्याचीही मजुरी बुडते. दात वाचवावयाचा तर हीच यातायात तीन-चार वेळा करावी लागणार. दात काढून टाकावयाचा तर एकदाच. मग ती स्त्री काय निवडील? लोक म्हणतात, खेडूत अडाणी आहेत, त्यांना दातांचे महत्त्व कळत नाही. आमच्या मते हा आरोप अन्यायाचा आहे. तिने हिशेब अगदी बरोबर केलेला असतो. चुकलेली असते ती व्यवस्था, जिने दात वाचविणे महाग आणि दात गमावणे स्वस्त करून ठेवले आहे.

ही स्थिती आपल्या देशात दंतवैद्यच नाहीत म्हणून आली आहे काय? एके काळी तसे म्हणता आले असते. भारतात दंतवैद्यकाचे आधुनिक शिक्षण सुरू झाले ते डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास काढलेल्या महाविद्यालयापासून. पुढे १९४३ साली सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्यविषयक समिती नेमली. हे भोर मूळचे नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. आपल्या मुलखातील या माणसाचे नाव स्वतंत्र भारताच्या आरोग्यव्यवस्थेच्या पायाशी कोरलेले आहे, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. समितीचा अहवाल १९४६ साली प्रसिद्ध झाला. त्या वेळी देशात शिक्षित दंतवैद्य सुमारे १,००० होते, म्हणजे सुमारे ३,००,००० लोकांमागे एक. हे प्रमाण १९७१ सालापर्यंत ४,००० लोकांमागे एक एवढे व्हावे, असे उद्दिष्ट समितीने समोर ठेवले. आणि पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व मांडले.

१९४८ साली दंतवैद्यांविषयीचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी भारतीय दंत परिषद स्थापन झाली. त्यानंतर, आणि विशेषतः १९८० नंतर, दंतमहाविद्यालयांची संख्या झपाट्याने वाढली. आज देशात ३०० हून अधिक दंतमहाविद्यालये आहेत, त्यांतील बहुतेक खासगी. आणि त्यांच्या संख्येच्या बाबतीत कर्नाटक राज्य अग्रभागी आहे. नोंदणी झालेले दंतवैद्य अडीच लाखांच्या वर गेले आहेत. सबंध देशाची सरासरी काढली तर भोर समितीच्या उद्दिष्टापासून आपण फार दूर नाही. परंतु सरासरी ही मोठी फसवी गोष्ट आहे. एका घरात दोन पोळ्या आणि शेजारच्या घरात एकही नाही, तरी सरासरी एक पोळी येतेच; म्हणून शेजाऱ्याचे पोट भरत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार शंभरांतील सुमारे ६९ भारतीय खेड्यांत राहत होते. दंतवैद्यांचा फार मोठा भाग मात्र शहरांत एकवटला आहे. कित्येक तरुण दंतवैद्य शहरातील एकाच रस्त्यावर एकमेकांशी स्पर्धा करीत बसतात, काही तर हा व्यवसाय सोडून देतात; आणि तिकडे डोंगरातील गावाला दाताचा डॉक्टर पाहावयास मिळत नाही. एकीकडे पूर आणि दुसरीकडे दुष्काळ, अशी ही अवस्था आहे.

तरुण दंतवैद्य खेड्यात का जात नाही, याचाही सहानुभूतीने विचार केला पाहिजे. साध्या डॉक्टरास नाडी, स्टेथॉस्कोप आणि औषधांची पेटी यांवर सुरुवात करता येते. दंतवैद्यास विशिष्ट खुर्ची, कोरण्याचे यंत्र, हवा दाबणारा कॉम्प्रेसर, अखंड वीज आणि स्वच्छ पाणी लागते. खासगी महाविद्यालयात शिकलेल्याच्या डोक्यावर बहुधा शिक्षणासाठी काढलेले कर्ज असते. खेड्यातील रुग्ण थोडे आणि तेही फी देण्यास असमर्थ. अशा स्थितीत केवळ सेवाभावाच्या उपदेशाने कोणी तेथे जाऊन राहील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. त्याला तेथे नेणारी गोष्ट एकच, ती म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रातील पगारी जागा. परंतु येथेही रचनेत उणीव आहे. सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ प्रदेशात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असे प्रमाण आहे. दंतवैद्याची जागा मात्र सामान्यतः त्याच्या वरच्या पायरीवर, म्हणजे ८०,००० ते १,२०,००० लोकांसाठी असलेल्या सामुदायिक आरोग्य केंद्रात धरलेली असते. जागा मंजूर असून ती रिकामी राहणे, माणूस असून खुर्ची नादुरुस्त असणे, खुर्ची असून सिमेंट संपलेले असणे, हे प्रकार निराळेच. तिन्ही गोष्टी जुळून आल्या तरच दात भरता येतो. एक जरी नसली तरी हातात चिमटा तेवढा उरतो.

गेल्या काही वर्षांत सुधारणेचे प्रयत्न झाले आहेत, हे मान्य केले पाहिजे. २०१४ साली राष्ट्रीय मुखआरोग्य कार्यक्रम सुरू झाला. २०१८ साली 'आयुष्मान भारत' योजना आली. तिच्यातील आरोग्य केंद्रांनी पुरवावयाच्या बारा सेवांत मुखआरोग्याचा अंतर्भाव आहे. परंतु याच योजनेचा विम्याचा जो भाग आहे, तो मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. किडलेली दाढ भरून घेण्यासाठी कोणी रुग्णालयात दाखल होत नाही. साहजिकच हा रोजचा खर्च रुग्णाच्याच खिशातून जातो. कर्नाटक सरकारने गरीब वृद्धांना विनामूल्य कवळी देणारी 'दंतभाग्य' नावाची योजना काढली. म्हाताऱ्या माणसाला पुन्हा भाकरी चावता यावी, हे पुण्याचेच काम होय. पण मनात येते की, सर्व दात गेल्यावर कवळी देणाऱ्या शासनाने पहिली दाढ किडली तेव्हाच सिमेंट दिले असते, तर ते अधिक स्वस्त आणि अधिक सुखाचे झाले असते.

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असे समजण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि तिच्यात दंतोपचार विनामूल्य ठेवण्यात आले. वर्षानुवर्षे तुंबलेली गरज एकदम बाहेर पडली. दवाखान्यांपुढे रीघ लागली आणि खर्चाचे अंदाज कोसळले. १९५१ साली कवळ्या व चष्मे यांवर आकार बसविण्याचे ठरताच या सेवेचे जनक अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. आणि १९५२ पासून दंतोपचारांवरही आकार आला. अमेरिकेत १९६५ साली वृद्धांसाठी 'मेडिकेअर' योजना झाली, तिच्यात नित्याच्या दंतोपचारांना स्थानच मिळाले नाही. आरोग्यसुधारणेच्या पंगतीत दातांचे पान नेहमी शेवटी मांडले जाते, आणि वाढप कमी पडले की प्रथम तेच उचलले जाते.

याचा परिणाम किती भयंकर होऊ शकतो, हे त्याच संपन्न देशाने पाहिले. २००७ साली मेरीलँड राज्यातील एका गरीब कुटुंबातील बारा वर्षांच्या मुलाच्या किडलेल्या दातातील पू मेंदूपर्यंत गेला आणि तो मुलगा दगावला. सुमारे ८० डॉलरमध्ये जो दात काढता आला असता, त्यापायी मेंदूवरील शस्त्रक्रिया व रुग्णालय यांवर २,५०,००० डॉलरच्या आसपास खर्च झाला आणि तरीही प्राण वाचले नाहीत. या घटनेनंतर जनमत हलले. २००९ साली मुलांच्या आरोग्यविम्याच्या कायद्यात दंतोपचार आवश्यक ठरविण्यात आले आणि २०१० च्या मोठ्या आरोग्यसुधारणेत मुलांच्या दातांची काळजी विम्याच्या अत्यावश्यक भागात धरली गेली. प्रौढांचे दात मात्र तेव्हाही बाहेरच राहिले.

आशेची वाट दाखविणारे उदाहरण न्यूझीलंडचे आहे. पहिल्या महायुद्धाच्या वेळी सैन्यात येणाऱ्या तरुणांचे दात फार वाईट असल्याचे तेथे आढळले. तेव्हा थॉमस हंटर यांच्या पुढाकाराने १९२१ साली तरुण स्त्रियांना दोन वर्षांचे शिक्षण देऊन शाळांत 'दंतपरिचारिका' म्हणून नेमण्यास सुरुवात झाली. मुलांचे दात तपासणे, भरणे आणि जरूर तर काढणे, एवढेच मर्यादित काम त्यांनी करावयाचे, अवघड काम दंतवैद्याकडे पाठवावयाचे. खोडकर मुलांनी शाळेतील त्या दवाखान्याला 'खुनाचे घर' असे नाव ठेवले. पण मुलांचे किडलेले दात उपटण्याऐवजी वाचविले जाऊ लागले, आणि पुढे कित्येक देशांनी ही पद्धत उचलली. अमेरिकेच्या अलास्का प्रांतात जेथे रस्ते नाहीत, विमानाने किंवा होडीनेच जाता येते, अशा आदिवासी वस्त्यांतील काही तरुणांना २००३ साली न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात हेच शिक्षण घेण्यासाठी पाठविण्यात आले. ते परत येऊन आपल्याच लोकांत काम करू लागले. दंतवैद्यांच्या संघटनेने त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. परंतु २००७ साली निकाल या कार्यकर्त्यांच्या बाजूने लागला. शहरातील माणूस खेड्यात राहावयास जात नसेल तर खेड्यातीलच माणसाला ते काम शिकवावे, एवढे साधे तत्त्व त्यात आहे.

विजेची अडचणही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. १९८० नंतरच्या दशकात टांझानिया देशात एक पद्धत विकसित झाली. तीत यंत्राने दात कोरत नाहीत. हातातील साध्या अवजारांनी किडलेला मऊ भाग खरवडून काढतात आणि दाताला आपोआप चिकटणारे 'ग्लास आयनोमर' नावाचे सिमेंट भरतात. वीज नको, यंत्राची घरघर नको, आणि बहुधा सुई टोचण्याचीही गरज पडत नाही. शाळेच्या बाकावर मुलाला आडवे करूनही हे काम होऊ शकते. दुसरे औषध चांदीच्या क्षाराचे आहे. ते किडलेल्या जागी नुसते लावले असता कीड पुष्कळदा जेथल्या तेथे थांबते. त्याने तो भाग काळा पडतो, हा त्याचा एक दोष. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने फ्लोराइडयुक्त पेस्ट, हे सिमेंट आणि हे चांदीचे औषध या तिन्हींचा आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. म्हणजे ज्ञान आहे, साधन आहे, माणसेही आहेत. उणीव आहे ती या तिघांना गावाच्या वेशीपर्यंत आणणाऱ्या निश्चयाची.

तेव्हा आमच्या मते सुधारणा करावयाची तर तिचा आरंभ तालुक्याच्या ठिकाणी न करता शाळेत करावा. शाळेत मुले आयती एकत्र असतात; त्यांना मजुरी बुडवून कोठे जावे लागत नाही. आरोग्य तपासणीच्या कागदावर 'दात किडलेला' असा शेरा मारून भागत नाही; शेरा मारणाऱ्याबरोबर दात भरणारा आला पाहिजे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात निदान आठवड्यातून ठरावीक वारी दंतवैद्य यावा आणि तो वार बाजाराचा असावा, म्हणजे एका फेरीत दोन कामे होतील. शहरातील दंतमहाविद्यालयांनी वर्षातून एखादे शिबिर भरविण्याऐवजी ठरावीक गावे नेमून घेऊन तेथे पुनःपुन्हा जावे; कारण शिबिरात दात उपटता येतात, वाचविण्यासाठी पुन्हा यावे लागते. आणि आशा कार्यकर्त्या व अंगणवाडीच्या सेविका यांना पांढरा ठिपका आणि तोंडातील चट्टा ओळखण्यास शिकवावे. यांतील एकही गोष्ट अशक्य कोटीतील नाही.

विद्यार्थिमित्रहो, शासनाचे काम शासन करील तेव्हा करील. तुमच्या हातीही पुष्कळ आहे. दिवसातून दोन वेळा, विशेषतः रात्री निजण्यापूर्वी, दात घासा. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. धाकट्या भावंडांना ती गिळू देऊ नका. गोड खावयाचे तर जेवणाबरोबर खा, दिवसभर चघळू नका. खाल्ल्यावर खळखळून चूळ भरा. घरी सहा वर्षांचे मूल असेल तर त्याची मागची दाढ उजेडात पाहा आणि ती दुधाची नाही, हे आईला सांगा. आजी मशेरी लावीत असेल तर तिच्यावर रागावू नका. तिची दाढ दुखत असेल, तिला प्रथम दवाखान्यात न्या. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे, हे ध्यानात असू द्या. आणि मोठे झाल्यावर ग्रामसभेत बसाल तेव्हा रस्ता, पाणी, वीज यांच्या मागण्यांबरोबर आरोग्य केंद्रातील दंतवैद्याची मागणीही लिहून घ्यावयास लावा. आजवर ती कोणी मागितली नाही, म्हणून कोणी दिलीही नाही.

तुमच्यापैकी एखादा पुढे दंतवैद्य होईल. तो शहरात स्थायिक झाला तर आम्ही त्याला दोष देणार नाही. पोट सर्वांनाच आहे. एवढेच सांगावेसे वाटते की, शहराच्या रस्त्यावर त्याचा दवाखाना पन्नासावा असेल. जांबोटीच्या पलीकडे तो पहिला असेल.